दमणीपासून स्टॉर्मपर्यंत : स्वस्त वेगाचा एक इतिहास

स्पोर्ट्स कार म्हटले की आपल्याकडे एकदम धनिकांचे चित्र उभे राहते. लाल रंगाची, जमिनीला चिकटलेली, दोनच माणसे बसतील अशी परदेशी गाडी, आणि ती चालवणारा कुणा उद्योगपतीचा मुलगा किंवा नट. हिंदी चित्रपटांनी हे चित्र इतके पक्के केले आहे की या वाहनाचा इतिहास मुळात तुटपुंज्या पैशाचा आणि जुन्या सामानाचा इतिहास आहे, असे म्हटले तर ते कोणाला खरे वाटणार नाही. कंधारसारख्या रेल्वे नसलेल्या तालुक्याच्या गावी मराठी शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना या विषयाची ओढ का वाटावी, असाही प्रश्न वाचकाला पडेल. त्याचे उत्तर सोपे आहे. ज्या गावाला रूळ नाहीत, त्या गावाचा सारा अर्वाचीन इतिहास रस्त्यावरच्या वाहनांनी घडवलेला असतो. आणि ती वाहने बहुधा दुसऱ्याने वापरून टाकलेली असतात.

वेगासाठी वेगळे वाहन ही कल्पना आपल्याला मोटारीने दिली, असेही नाही. मराठवाड्यात आणि विदर्भात मालाची बैलगाडी वेगळी आणि दमणी वेगळी. दमणी हलकी, बसायला आटोपशीर, लेक सासरी पोचवायला किंवा जत्रेला जायला जुंपायची. तिच्यात कडब्याचा भार भरणे म्हणजे तिचा अपमानच. शंकरपटात धावणारी गाडी त्याहूनही हलकी, जवळजवळ नुसता सांगाडा. वजन कमी केले की त्याच बैलजोडीतून अधिक वेग निघतो, हे सूत्र सुतार-लोहारांना कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आधीपासून ठाऊक होते. या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बंदी घातली आणि राज्याने केलेली कायदादुरुस्ती मान्य करून २०२३ च्या मे महिन्यात त्यांना पुन्हा वाट मोकळी करून दिली. मधल्या नऊ वर्षांत खेड्यांतून जी तळमळ दिसली, तिच्यामागे बैलाच्या प्रेमाइतकेच वेगाचे आकर्षण होते, असे आम्हाला वाटते. गरीब समाजाला वेगाची हौस नसते, हा सुशिक्षितांचा एक लाडका गैरसमज आहे.

आता युरोपकडे वळू. इंग्लंडमध्ये १९२२ साली ऑस्टिन सेव्हन ही छोटी, साडेसातशे सीसीच्या आतल्या इंजिनाची गाडी आली. ती मध्यमवर्गीयांच्या कुटुंबासाठी होती. शर्यतीचा विचार तिच्या जन्मात नव्हता. परंतु ती हजारोंनी खपली, जुनी झाली, आणि तिच्या जुन्या सांगाड्यांवर घरच्या घरी पत्र्याची नवी अंगे चढवण्याचा छंद तिथल्या तरुणांना लागला. कॉलिन चॅपमन हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकणारा विद्यार्थी त्यांतलाच एक. शिकता शिकता तो मित्राबरोबर जुन्या मोटारींची खरेदी-विक्री करी. १९४७ च्या अखेरीस सरकारने खासगी वाहनांचा पेट्रोल-कोटा बंद केला, जुन्या गाड्यांचा बाजार बसला, आणि एक न विकली गेलेली ऑस्टिन सेव्हन चॅपमनच्या गळ्यात पडली. भावी सासऱ्यांच्या घरामागच्या गॅरेजात त्याने तिचे जुने अंग उतरवून नवे बांधले. तीच पहिली लोटस. पुढे जगभरच्या शर्यती जिंकणाऱ्या कंपनीचा आरंभ असा एका तोट्यात गेलेल्या सौद्यात आहे. न्यूझीलंडच्या ब्रूस मॅक्लारेननेही शर्यतीचे पहिले धडे जुन्या ऑस्टिन सेव्हनवरच गिरवले. इटलीत कार्लो आबार्तने १९४९ पासून साध्या फियाटांना वेगळे सायलेन्सर आणि सुधारलेली इंजिने देऊन तोच उद्योग मोठ्या प्रमाणावर केला. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या कोरड्या तळ्यांवर फोर्डच्या जुन्या गाड्या मडगार्ड काढून पळवल्या जात. त्यांना हॉट रॉड हे नाव पडले.

या साऱ्या कथांत एक अट समान आहे, आणि आपल्या इतिहासाशी तुलना करताना ती विसरता कामा नये. जुनी गाडी स्वस्त असली पाहिजे. नवे बाजारात मुबलक असेल तरच जुने स्वस्त होते, आणि जुने स्वस्त असेल तरच एखादा विशीतला मुलगा ते मोडून पाहण्याचे धाडस करतो.

स्वातंत्र्यानंतरच्या भारतात ही अटच मोडली. आयातीवर निर्बंध आले. मोटारी बनवण्याचे परवाने मोजक्या कारखान्यांना मिळाले. कलकत्त्याजवळ अँबॅसडर, मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरची फियाट आणि मद्रासला स्टँडर्ड हेराल्ड, एवढाच संसार. गाडीची नोंदणी करायची आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. सरकारने किमती बांधून दिल्या, त्यामुळे झाले असे की कारखान्यातून आलेली गाडी काही काळ वापरून विकली तरी मूळ किमतीपेक्षा जास्त पैसे यावेत! वापरलेले नव्याहून महाग. असे उफराटे अर्थशास्त्र ज्या समाजात दोन-तीन दशके चालते, तिथे जुन्या गाडीवर प्रयोग कोण करील? ती तर घरातली सोन्याची वस्तू. तिला लोकरीचे आसन, स्टेअरिंगला दोऱ्याचे वेष्टन, मागच्या काचेला पडदा, आणि दसऱ्याला झेंडूचे तोरण. आपल्याकडे गाडीत फेरफार झाला तो प्रामुख्याने असा, पूजेच्या अंगाने झाला.

तरी अपवाद होते. मद्रासजवळच्या शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धातली एक धावपट्टी पडून होती. तिथे वर्षातून एकदा शर्यती भरत आणि हीच कुटुंबवत्सल फियाट नि हेराल्ड आतून बदलून धावत. ज्या १०८९ सीसीच्या इंजिनाने मुंबईत टॅक्सी ओढायची, त्यालाच दोन कार्ब्युरेटर लावून, हेड घासून, आसने काढून पळवायचे. कोईमतूरच्या एस. करिवर्धन यांनी पुढे १९८८ च्या सुमारास मारुतीचे इंजिन आणि गिअरबॉक्स घेऊन एका माणसाच्या शर्यती गाड्या बांधल्या; फॉर्म्युला मारुती या नावाने त्या ओळखल्या गेल्या आणि नारायण कार्तिकेयनसारखे चालक त्यांतून पुढे आले. घरगुती गाडीच्या पोटातून शर्यतीची गाडी काढण्याची ही रीत थेट ऑस्टिन सेव्हनच्या घराण्यातली आहे.

महाराष्ट्रात या घराण्याचा एक वेगळा पुरुष होऊन गेला, तो इचलकरंजीचा. शंकरराव कुलकर्णी यांचे औपचारिक शिक्षण बेताचेच. पण १९४० च्या दशकात त्यांनी स्वतःच्या कल्पनेने छोटी मोटार बांधायला घेतली आणि १९४९ साली ती रस्त्यावर आणली. ‘मीरा’ या नावाने ती ओळखली जाते. पुढची पंचवीस वर्षे ते नवनवे नमुने करीत राहिले. मागे बसवलेले, हवेने थंड होणारे इंजिन आणि बारा हजार रुपयांच्या आसपास किंमत, असे त्यांचे सत्तरच्या दशकातले गणित होते. कारखाना काही उभा राहिला नाही. ‘मीरा’ स्पोर्ट्स कार नव्हती, हे मान्य. परंतु आपल्या हातांनी, आपल्या ऐपतीत गाडी घडवता येते हा जो आत्मविश्वास चॅपमनच्या गॅरेजात दिसतो, तो इचलकरंजीतही होता. तिथे त्यातून कंपनी झाली. इथे एक आठवण राहिली. दोन माणसांच्या बुद्धीत फारसा फरक नव्हता. फरक परवान्याच्या कागदाचा आणि सुट्या भागांच्या बाजाराचा होता.

मराठवाड्याची गोष्ट याहूनही निराळी. हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ साली सत्तावीस बसगाड्यांनी सरकारी वाहतूक सुरू केली, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने पुढारलेलीच म्हटली पाहिजे. खासगी मोटार मात्र जहागीरदार, अंमलदार आणि एखाद-दुसरा सावकार यांच्यापलीकडे गेली नाही. सामान्य माणसाच्या वाट्याला स्वतःच्या मालकीचे पहिले चारचाकी वाहन आले ते जीपच्या रूपाने, आणि तेही डिस्पोजलचे. महायुद्धासाठी अमेरिकेने सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या होत्या. युद्ध संपले आणि त्यांतल्या कित्येक इथेच उरल्या, लिलावात निघाल्या. पाठोपाठ मुंबईत महिंद्रांनी जीपची जुळणी सुरू केली. पुढे सरकारी खात्यांतून बाद झालेल्या जीपही लिलावातून खेड्यांपर्यंत झिरपत राहिल्या.

या जीपचे आमच्या भागात काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवले. मागचा सांगाडा कापून लांबवला. बाके आडवी होती ती उभी केली, टपावर सामानाची जाळी आली, मागे लोंबकळणाऱ्यांसाठी पायरी आली. पुढे काळी-पिवळी या नावाने जी प्रवासी वाहतूक मराठवाड्याच्या फाट्याफाट्यावर दिसू लागली, तिचे हे पूर्वरूप. पाश्चात्त्य तरुण आसने उपटून गाडी हलकी करीत होता त्याच दशकांत आमचा मिस्त्री तिच्यात आणखी दोन बाके कशी मावतील याचा विचार करीत होता. दोघेही कारखान्याची आकृती मोडत होते. एकाला वेग काढायचा होता, दुसऱ्याला माणसे भरायची होती. कापणे, जोडणे, पाटे वाढवणे, गिअरबॉक्स जुळवणे हे कसब दोन्हीकडे तेच. शिवाय आमच्या मिस्त्रीजवळ आराखडा नसे, मोजमापाची यंत्रे नसत. दोरी, खडू आणि नजर एवढ्यावर तो चेसिसची लांबी ठरवी. या कसबाची कुठेही नोंद झाली नाही. बलुतेदारीवर आपण ग्रंथ लिहिले. बलुतेदाराचा मुलगा वेल्डिंगची नळी हातात घेऊन गॅरेजात उभा राहिला, त्याच्यावर मराठीत काय लिहिले गेले? बंगालीत सुबोध घोषांनी एका खटारा टॅक्सीवर आणि तिच्या चालकावर ‘अयांत्रिक’ ही कथा लिहिली, ऋत्विक घटकांनी तिच्यावरून चित्रपट केला. तो १९५८ साली आला. त्याच वर्षी हिंदीत ‘चलती का नाम गाडी’ आला, तिथेही गॅरेज आणि जुनी शेव्हरोलेच. मराठी साहित्यात एस.टी. भरपूर आहे, ‘म्हैस’ पासून पुढे. परंतु गॅरेज नाही. एस.टी.त लेखक प्रवासी म्हणून बसतो. गॅरेजात त्याला हात काळे करावे लागले असते.

असो. नव्वदच्या दशकात परवान्यांची बंधने सैल झाली आणि गोव्यातून एक अनपेक्षित गाडी बाहेर पडली. तिचे नाव सॅन स्टॉर्म. १९९८ च्या सुमारास सॅन मोटर्स या छोट्या कंपनीने ती आणली. दोन आसने, उघडे टप, फायबरचे अंग, आणि रेनॉचे ११४९ सीसीचे, साठ अश्वशक्तीचे इंजिन. आराखडा फ्रान्समधला. साठ अश्वशक्ती हा आकडा आज हास्यास्पद वाटेल. गंमत अशी की युद्धातल्या विलीज जीपचीही ताकद तेवढीच होती. पण स्टॉर्म हलकी होती, बुटकी होती, आणि आपल्या देशात आपल्यासाठी बनलेली, केवळ मौजेखातर चालवायची गाडी म्हणून जवळजवळ एकटी होती. ती मोजकीच खपली आणि उत्पादन बंद पडले. ज्या घरात एकच गाडी परवडते त्या घराला दोन आसनांची गाडी कशी चालावी? आणि ज्याला दुसरी गाडी परवडते त्याला साठ अश्वशक्तीत समाधान कसे मिळावे? स्टॉर्म या दोहोंच्या मधल्या फटीत पडली. पुढे दिलीप छाब्रियांच्या डीसी कंपनीने ‘अवंती’ काढली. तिची किंमत मात्र वेगळ्याच वर्गासाठी होती, म्हणून तिचा विचार इथे नको.

बंद पडलेल्या कंपनीची जुनी गाडी घेणे म्हणजे काय, हे स्टॉर्मवरून उत्तम कळते. फायबरला गंज लागत नाही, परंतु तडा जातो, आणि तो पत्र्यासारखा ठोकून सरळ होत नाही. त्याखालच्या लोखंडी सांगाड्याला गंज लागतोच. वरून अंग चकचकीत असल्यामुळे तो दिसत नाही. आणि मूळ सुटे भाग मिळेनात की दुसऱ्या गाडीचे जुळवून घ्यावे लागतात. हौशी माणसाने घ्यावी अशी ती गाडी आहे. घाईच्या माणसाने नव्हे.

आमच्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यात स्टॉर्म नाही, पण जुनी मारुती आहे. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. मधल्या तीस वर्षांत या देशात प्रथमच जुनी गाडी खऱ्या अर्थाने स्वस्त झाली. ऑस्टिन सेव्हनची अट आपल्याकडे अखेर पुरी झाली ती अशी, साठ वर्षे उशिरा. १९९३ ची झेन तर या बाबतीत विशेष. तिचे ९९३ सीसीचे ॲल्युमिनियमचे इंजिन आणि इस्टीमचे तेराशे सीसीचे इंजिन एकाच घराण्यातली. म्हणून हलक्या झेनमध्ये इस्टीमचे इंजिन बसवण्याची युक्ती देशभरच्या हौशी लोकांनी आत्मसात केली. एमएच-२६ नि एमएच-२४ क्रमांकाच्या जुन्या झेन अजून नांदेड-लातूरच्या रस्त्यांवर दिसतात. आतले काय बदलले आहे, ते आवाजावरून ओळखावे.

जुनी गाडी पारखण्याची विद्या मात्र आमच्याकडे नवी नाही. शेजारच्या लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार भरतो. तिथे घेणारा आधी जनावराचे दात पाहतो, मग चालवून पाहतो, मग खुरांवरून हात फिरवतो. विकणाऱ्याच्या बोलण्याला सर्वांत शेवटी कान देतो. मोटारीचेही तसेच. किलोमीटरचा काटा मागे फिरवता येतो, म्हणून पायडलचे रबर आणि आसनाची झीज पाहावी. सकाळी थंड इंजिन चालू करायला लावावे. निळा धूर आला तर रिंगा गेल्या आहेत. गालिचा उचलून तळाचा पत्रा पाहावा. चेसिसवरचा क्रमांक आरसी बुकाशी ताडून पाहावा, कर्जाचा बोजा उतरल्याचा कागद मागावा. आणि ब्रेक. वेगासाठी पैसा खर्च करायचा तर पहिला रुपया ब्रेकवर, दुसरा टायरवर, तिसरा शॉकॲब्सॉर्बरवर, आणि उरलाच तर इंजिनावर. चॅपमनची सारी विद्या हलकेपणाची आणि पकडीची होती. ताकद त्याच्या हिशेबात नंतर येई. आमचे विद्यार्थी हा क्रम नेमका उलटा लावतात. आधी सायलेन्सर, मग रुंद चाके, मग काळ्या काचा, आणि ब्रेक कारखान्याने दिले तेच, वीस वर्षांपूर्वीचे. आवाज वाढतो, थांबण्याचे अंतर कमी होत नाही. राज्यातल्या अनेक शहरांत पोलीस असे सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोलर फिरवतात. त्या दृश्याचा आम्हाला आनंद होत नाही. पण कानाला त्रास झालेल्या नागरिकाची बाजूही आम्हाला कळते.

आता कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की नोंदणीपत्रातला तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात या कलमाचा अर्थ कठोरपणे लावला आणि मूळ रचनेत बदल करण्यास मनाई केली. अपंग व्यक्तींसाठी वाहन जुळवून घेण्याची मुभा आहे; इंजिन बदलायचे तर नोंदणी अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. यामागचे कारण उघड आहे. लांबवलेल्या जीपचे अपघात ज्यांनी या रस्त्यांवर पाहिले आहेत, त्यांना ते समजावून सांगायला नको. विम्याचा प्रश्नही आहेच.

परंतु भाषा-साहित्याच्या माणसांना या भाषेत दुसरेही काही ऐकू येते. मूळ संहिता, तिच्याशी विसंगती, अधिकृत प्रत. जुन्या पोथ्यांचे संपादन शिकवताना आम्ही पाठभेदांची चर्चा करतो आणि लेखनिकाने केलेला बदल म्हणजे निव्वळ भ्रष्टता नव्हे, त्यात त्याचा प्रदेश, त्याची बोली, त्याची गरज उमटलेली असते, असे सांगतो. डिझेल बसवलेली, लांबवलेली जीप हा मराठवाड्याचा पाठभेद आहे. कायद्याला तो फक्त दोष दिसतो. कायद्याने पाठभेदांचा अभ्यास करावा अशी आमची अपेक्षा नाही, रस्ता सुरक्षित ठेवणे हे त्याचे काम. पण इतिहासकाराने कायद्याचीच नजर का उसनी घ्यावी?

ही नजर किती दूर जाते, ते २०२१ च्या जुलैमधल्या नियमांत दिसते. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते, व्हीए अक्षरांचा क्रमांक मिळतो, शुल्क वीस हजार रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपात असली पाहिजे. चेसिस, अंग, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे संस्थानिकाच्या तबेल्यात झाकून ठेवलेली गाडी वारसा ठरेल, आणि तीस वर्षे फाट्यावरून माणसे वाहिलेली, म्हणूनच पंचवीस वेळा बदललेली जीप भंगारात जाईल. श्रीमंताला वस्तू जशीच्या तशी ठेवणे परवडते. दुरुस्ती हा गरिबाच्या वस्तूचा स्वभाव असतो, आणि तोच इथे तिच्याविरुद्ध पुरावा होतो. दरम्यान पंधरा वर्षांनंतरच्या पुनर्नोंदणीचे मोटारीचे शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशेचे पाच हजार झाले. वीस वर्षे उलटलेल्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार. वर पर्यावरण कर. जुन्या झेनची किंमत लक्षात घेतली तर हे आकडे लहान नाहीत.

गोव्यातली पहिली स्टॉर्म २०४८ च्या सुमारास पन्नाशीची होईल. आपल्याकडची एक जवळजवळ एकटी मौजेची गाडी म्हणून तिला त्या वेळी तो क्रमांक मिळावा असे कोणालाही वाटेल. मात्र मूळ भाग मिळत नसताना ती तोवर चालती ठेवायची, तर मधल्या काळात कुठल्यातरी मिस्त्रीने तिच्यात दुसऱ्या गाडीचे काहीतरी बसवलेलेच असणार.